नंबर द्या, पण कारण सांगा



माझी भाची अमेरिकेत असते. तिची मुलगी तिथल्या 'फोर-एच' या मुलांच्या संस्थेत जाते आणि यंदा घोडे पारखण्याच्या स्पर्धेसाठी संघात निवडली गेली आहे. भाचीने फोनवर विचारले, "मावशी, जिवंत प्राण्याला नंबर द्यायचे, हे आपल्या धर्मात बसतं का?" प्रश्न एकटीचा नाही. परदेशी नातवंडे असलेल्या आपल्यापैकी कुणालाही उद्या तो पडेल. म्हणून उत्तर इथेच लिहिते.

आधी स्पर्धा काय आहे ते सांगते. ही शर्यत नव्हे. मुले घोड्यावर बसतही नाहीत, ती फक्त बघतात. चार घोडे आणतात, त्यांना १ ते ४ क्रमांक देतात. काही वेळा नुसते दावे धरून उभे करतात आणि चालवून दाखवतात. तेव्हा बांधा बघायचा. काही वेळा स्वार बसवतात. तेव्हा चाल आणि वळण बघायचे. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येकाने चारही घोडे उत्तम ते कनिष्ठ असे लावायचे. संघ असला तरी त्या वेळी आपसात बोलायचे नाही. प्रत्येकाचा कागद वेगळा, नंतर संघाची बेरीज. शाळांतून चालणाऱ्या 'एफएफए' या शेतकी विद्यार्थ्यांच्या संस्थेत आणि विद्यापीठांतही अशा स्पर्धा होतात. फोर-एचच्या मोठ्या स्पर्धा केंटकीतल्या लुईव्हिलला आणि कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला भरतात.

गुण कसे देतात हे वाचून माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी खूश झाली. चार घोडे २४ प्रकारे लावता येतात. प्रत्येक प्रकाराला ५० पैकी गुण ठरलेले. समजा परीक्षकांचा क्रम ३-१-४-२ आहे. लागोपाठच्या दोन घोड्यांत किती अंतर आहे तेही ते आधीच ठरवतात, समजा २, ५ आणि ३. वरच्या दोघांची अदलाबदल झाली तर दोनच गुण जातात, कारण ते जवळजवळ सारखेच होते. मधल्या दोघांत गफलत झाली तर पाच जातात, कारण तो फरक डोळ्यांत भरायला हवा होता. अख्खा क्रम उलटा लावला तर ३५ जाऊन १५ उरतात. म्हणजे चूक मोजतात तीही तिच्या आकाराप्रमाणे. आपण घरात असे मोजतो का? भाजीत मीठ कमी पडले काय आणि पाणी न गाळता वापरले काय, दोन्हीला आवाज एकाच पट्टीतला!

पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो पुढचा भाग. क्रम लावून झाला की मुलाने परीक्षकासमोर उभे राहून, कागद न बघता, दोन मिनिटांत कारणे सांगायची. यालाही ५० गुण. नुसते "हा चांगला, तो वाईट" चालत नाही. याचा खांदा त्याच्यापेक्षा तिरपा आहे, याचे पाय सरळ पडतात, असे तुलनेने सांगावे लागते. आणि खाली ठेवलेल्या घोड्यात जे अधिक चांगले असेल तेही कबूल करावे लागते. "दुसऱ्याची मान याच्यापेक्षा सुबक आहे हे मान्य, तरीही..." असे. मैत्रिणींनो, आपण अनेकांतवादावर प्रवचने ऐकतो. हा तर त्याचा रोजचा सराव झाला. एक बाजू निवडायची, पण दुसऱ्या बाजूचे सत्य नाकारायचे नाही.

मग अडचण कुठे? अडचण अशी, की परीक्षकाच्या नजरेला फळ येते. अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीत १९६९ साली 'इंप्रेसिव्ह' नावाचा घोडा जन्मला. पिळदार स्नायूंचा, देखणा. बांध्याच्या स्पर्धांत तो जिंकला, मग त्याची पिल्ले जिंकू लागली आणि ज्याला त्याला त्याचेच शिंगरू हवेसे झाले. त्याला दोन हजारांहून अधिक शिंगरे झाली. पुढे कळले, की त्याच्या वंशात एक आनुवंशिक दोष पसरला आहे. रक्तातले पोटॅशियम वाढते, स्नायू थरथरतात, घोडा कोसळतो, कधी मरतो. दोष त्या वंशातून आल्याचे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. आईबाप दोघांकडून हा दोष घेतलेल्या शिंगरांची नोंदणी त्या जातीच्या संघटनेने बंद केली, ती मात्र २००७ पासून जन्मलेल्यांची.

त्या परीक्षकांनी कुणाला चाबूक मारला नव्हता. त्यांनी फक्त पहिला नंबर दिला. पण आपल्याकडे कृत आणि कारित यांच्या जोडीला अनुमोदनाही मोजतात. जपमाळेचे १०८ मणी आठवा. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन; मन, वचन, काया हे तीन; करणे, करवणे, अनुमोदन देणे हे तीन; आणि कषाय चार. ३×३×३×४. या हिशेबातून अनुमोदना वगळली तर माळ ७२ मण्यांचीच होईल. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, म्हणजे जनावरावर पेलणार नाही इतके ओझे लादणे. इथे ओझे पाठीवर टाकले नाही, रक्तातच घातले. आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

म्हणून भाचीला मी सांगितले, मुलीला पाठव, पण दोन गोष्टी सांभाळ. एक, याच संस्थांत गायी, डुकरे, मेंढ्या पारखण्याच्याही स्पर्धा असतात आणि तिथे पुष्कळदा अंगावर मांस किती हेच बघतात. तिकडे आपण जायचे नाही. दोन, मुलीला सांग की घोड्याकडे बघताना आधी त्याचे खूर, पाय आणि चाल बघ, आयाळीची चमक नंतर. याला चालताना दुखत असेल का, हा प्रश्न पहिला. परीक्षकांच्या क्रमाशी जुळले तरच क्रमाचे गुण मिळतात, हे खरे. पण कारणे सांगायची दोन मिनिटे तिची स्वतःची आहेत. तिथे खरे तेच बोलावे, दोन गुण गेले तरी चालतील. संभवनाथ भगवानांचे लांछन घोडा आहे. मंदिरात ज्याच्यासमोर हात जोडतो, त्याला मैदानात वस्तू समजायचे नाही.

आता आपल्याकडे वळते. घोड्यांना नंबर देणे काहींना खटकेल, पण आपण माणसांना रोज नंबर देतो. मुलगी बघायला जातो, चार स्थळे मनात १-२-३-४ लावतो आणि नकार कळवताना कारण सांगत नाही, किंवा खोटे सांगतो. मोठी सून धाकटीपेक्षा बरी, हे वाक्य पाहुण्यांसमोर सहज निघते. धाकटीतले काय चांगले, ते मात्र सांगायचे राहते. आणि ज्याला आपण पहिला नंबर देतो तेच घराघरांत वाढते. गोऱ्या रंगाला दिला, तर मुली उन्हात जायला घाबरतात. लग्नातल्या खर्चाला दिला, तर पुढचा बाप कर्ज काढतो. ही आपलीच अनुमोदना.

माझी एक सूचना आहे. दशलक्षण पर्वात आपल्या महिला मंडळांत आणि पाठशाळेत रांगोळीच्या, पाठांतराच्या, आरतीचे ताट सजवण्याच्या स्पर्धा होतात. निकाल चिठ्ठीवर येतो, टाळ्या होतात आणि बक्षीस न मिळालेली मुलगी मान खाली घालून घरी जाते. यंदापासून परीक्षक बाईंनी दोन मिनिटे उभे राहून कारणे सांगावीत. पहिलीचे काय सरस होते ते सांगावे, आणि चौथीचे काय तिच्याहूनही चांगले होते तेही. ज्यांना कारण सांगता येणार नाही, त्यांनी परीक्षक होऊ नये. क्षमावणीला सगळ्यांची क्षमा मागतोच. पण निकालाच्या दिवशीच कारण नीट सांगितले, तर क्षमा मागण्यासारखे थोडे कमी उरेल.