कोराडीच्या धुराचा हिशेब

नागपूरच्या हवेचा विषय निघाला की बोट आधी रस्त्यावरच्या धुळीकडे जाते, मग गाड्यांच्या धुराकडे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो आणि सतत चाललेले खोदकाम यांनी शहर धुळीने माखले आहे. भांडेवाडीच्या कचऱ्याला आग लागली की पूर्व नागपुरात श्वास घेणे जड जाते. पण शहराच्या उत्तर वेशीवर रात्रंदिवस जो कोळसा जळतो, त्याचा हिशेब या चर्चेत फार थोडे लोक मांडतात. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, शेजारच्या खापरखेड्याची क्षमता 1340 मेगावॅट आहे. दोन्ही केंद्रे महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणून शहराच्या हवेची जबाबदारी वाटली जाते तेव्हा ती अलगद बाजूला राहतात. नागपूरची हवा खरोखर सुधारायची असेल तर या चिमण्यांतला धूर धुतला गेला पाहिजे, आणि मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांना त्यासाठी दिलेली डिसेंबर 2027 ची मुदत आणखी एकदा पुढे सरकता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

धुळीवरच सगळा भर का, याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीत आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूर आहे, विदर्भातली चंद्रपूर, अमरावती आणि अकोला ही शहरेही आहेत. मात्र शहराने काय कमावले हे या कार्यक्रमात पीएम 10 या जाड कणांवरून ठरते. जाड कण घटवायचे तर रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे पुरतात, मग पैसाही तिकडेच जातो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2024 मध्ये देशभरातल्या खर्चाचा ताळा मांडला, तेव्हा 64 टक्के रक्कम धुळीवर आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही, असे चित्र समोर आले. धूळ झाडू नये असे कोणीच म्हणणार नाही. पण माणसाचे आयुष्य खातात ते पीएम 2.5 हे बारीक कण. नाकातले केस आणि घशातला कफ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात, त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात आणि दम्याबरोबरच हृदयविकार, पक्षाघात, कमी वजनाची बाळे हे सगळे त्यामागून येते. 2019 या एका वर्षात भारतातले सुमारे 16.7 लाख मृत्यू प्रदूषित हवेशी जोडलेले होते, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

हे बारीक कण येतात कुठून? काही थेट जळण्यातून, पण बराच भाग हवेतच तयार होतो. कोळशातले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि काही तासांत किंवा दिवसांत त्याचे सल्फेटच्या कणांत रूपांतर होते. कितीतरी वर्षे आपल्या वीज केंद्रांना या वायूसाठी मर्यादाच नव्हती. नियम होता तो फक्त चिमणीच्या उंचीचा. 500 मेगावॅट आणि त्यावरच्या संचाला 275 मीटरची चिमणी, म्हणजे धूर वर जाईल आणि दूर पसरेल. वर गेलेला धूर नाहीसा होत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो, धूर त्याच्या वर तरंगत राहतो. सकाळी ऊन चढले की हवेची घुसळण सुरू होते आणि तो खाली उतरतो, नेमका मुले शाळेत आणि माणसे फिरायला निघतात त्या सुमारास. केंद्राने 7 डिसेंबर 2015 रोजी प्रथमच सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घातली. चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून धूर नेऊन गंधक काढून घेणारी यंत्रणा दोन वर्षांत बसणार होती. त्यानंतर मुदतवाढींची रांग लागली. जुलै 2025 मध्ये तर देशातल्या जवळपास 80 टक्के केंद्रांना या बंधनातून सूटच मिळाली. बंधन उरले ते मुख्यतः राजधानी परिसरात किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना. 2011 च्या जनगणनेतच 24 लाखांवर गेलेल्या नागपूरच्या दाराशी उभ्या असलेल्या केंद्रांसाठी पळवाट शोधण्याला काहीच आधार नाही.

सूट देणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा की भारतीय कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का असते आणि शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच सापडतो. पहिल्या मुद्द्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. कोराडीचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 25 हजार टनांहून अधिक कोळसा लागतो. अर्ध्या टक्क्याने त्यात 125 टन गंधक आले आणि जळल्यावर त्याचे वजन दुप्पट होते, म्हणजे एका केंद्रातून रोज अडीचशे टन वायू. टक्का लहान आहे, पण कोळशाचा ढीग अवाढव्य आहे. दुसरा मुद्दा तर मुळातच फसवा आहे. वायूचे सल्फेट झाले की वायू मोजणाऱ्या यंत्रावर तो दिसणारच नाही. तो पीएम 2.5 च्या आकड्यात दिसेल, आणि तिथे आपण त्याला धूळ म्हणून मोकळे होऊ.

राखेची कथा याहून उघडी आहे. शंभर टन कोळसा जाळला की तीस ते चाळीस टन राख उरते. कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांत तिला राखड म्हणतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पापडांवर ती बसते. कपाशीच्या पानांवर बसली की पानांची रंध्रे बुजतात. ओल्या राखेसाठी बांधलेले तलाव उन्हाळ्यात सुकले की त्यांतली राख वाऱ्याबरोबर उडू लागते आणि पावसाळ्यात धोका वेगळाच असतो. जुलै 2022 मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, राखेचा चिखल शेतांत शिरला, नाल्यांतून नदीकडे गेला. ज्या कन्हान नदीतून नागपूरला पाणी मिळते, तिच्याच खोऱ्यात हे घडले.

वीज लागतेच, आणि ती महाग झाली तर गरिबाला चटका बसतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. धूर धुण्याच्या यंत्रणेमुळे युनिटमागे 25 ते 30 पैसे वाढतील, असा अंदाज सूट देताना मांडला गेला. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला हे 25 ते 30 रुपये पडतील. आज हा खर्च बिलात दिसत नाही, कारण कोराडी, कामठी, खापरखेडा इथली कुटुंबे तो इन्हेलरच्या आणि दवाखान्याच्या पावत्यांतून भरतात. शिवाय इथली वीज मुंबई-पुण्यासह साऱ्या राज्याला जाते आणि राख मात्र विदर्भात राहते. खर्च साऱ्या राज्याच्या बिलात वाटला गेला, तर गरीब ग्राहकाला सवलत देऊनही तो पेलता येईल.

नागपूर म्हणजे काही दिल्ली नव्हे, असेही सांगितले जाते. खरे आहे, पण दिल्ली हे मोजमाप नव्हे. वर्षाच्या सरासरीत पीएम 2.5 ची भारतीय मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आपली शिफारस 5 वर आणली. शिवाय नागपूरची हवा म्हणून आपण जी पाहतो, ती मोजली कुठे जाते हेही तपासले पाहिजे. सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी आणि महाल ही स्वयंचलित केंद्रांची परिचित नावे आहेत. यातली तीन शहराच्या हिरव्या पश्चिमेत येतात. कोराडी, कामठी, भांडेवाडी, कळमना या पट्ट्यातल्या माणसाच्या श्वासाचा आकडा त्यांतून कळत नाही. नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था 1958 पासून ज्या शहरात आहे, तिथे ही उणीव भरून काढणे मुळीच अवघड नाही. चिमण्यांवर बसवलेली यंत्रे धुरातले घटक सतत नोंदवत असतातच. ते आकडे रोज मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

कोराडीत 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. चालू संचांचा धूर धुतला जात असल्याचे आकड्यांनी सिद्ध होईपर्यंत यातला एकही संच सुरू होऊ देऊ नये. ही अट घालायला राज्य सरकारला दिल्लीची परवानगी लागत नाही. ही केंद्रे चालवणारी महानिर्मिती ही राज्याच्याच मालकीची कंपनी आहे.