परवान्याची सुनावणी शेतकऱ्यालाही ऐकू द्या

सोयाबीन उगवले नाही अशी तक्रार आली की पहिली नजर जाते ती गावातल्या कृषी सेवा केंद्राकडे. धाराशिव जिल्ह्याचा खरीप सोयाबीनवर उभा आहे. त्यामुळे कळंब असो की उमरगा, ऐन पेरणीत दुकानाचा परवाना निलंबित झाला तर झळ अनेक गावांना बसते. भेसळखोराचा परवाना गेलाच पाहिजे, यात वाद नाही. वाद आहे तो निर्णयाच्या वेळेचा आणि तो घेताना कोणाला विचारले जाते याचा.

बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 नुसार परवाना निलंबित वा रद्द करण्याआधी परवानाधारकाचे म्हणणे ऐकावे लागते आणि आदेशाविरुद्ध 60 दिवसांत अपील करता येते. नमुन्याचा अहवाल द्यायला प्रयोगशाळेलाही 60 दिवसांची मुदत आहे. जूनच्या मध्याला नमुना घेतला तर अहवाल ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबू शकतो. तोवर शेजारच्या शिवारात सोयाबीनला शेंगा धरू लागलेल्या असतात. पुढे कारणे दाखवा नोटीस, खुलासा, सुनावणी आणि अपील धरले की रास होऊन जाते. विक्रेता दोषी असेल तर दरम्यान त्याचा धंदा चालूच राहतो; निर्दोष असून आधीच निलंबित झाला असेल तर त्याचे वर्ष बुडते.

त्याहून मोठी उणीव म्हणजे या सुनावणीत तक्रारदार शेतकऱ्याला जागाच नाही. तालुक्याची तक्रार निवारण समिती त्याच्या शेतात पंचनामा करते, पण परवान्याचा फैसला अधिकारी आणि परवानाधारक यांच्यातच होतो. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते. मात्र त्याची साल पातळ असते. पोती आदळली, पेरणी खोल गेली किंवा ओल कमी पडली तरी उगवण घटते. 2020 साली मराठवाड्यात बियाणे उगवले नाही तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. अशा वेळी दोष कंपनीचा, साठवणुकीचा की पेरणीचा, हे ठरवायला लॉट क्रमांक, पावती, साठा रजिस्टर आणि पेरणीची तारीख एका टेबलावर यायला हवी. ‘खुलासा असमाधानकारक’ एवढे लिहून आदेश काढला तर अपिलात तो टिकणे अवघड, आणि शेतकऱ्याच्या हातीही काही लागत नाही. बियाण्याच्या भरपाईसाठी शेतकरी ग्राहक आयोगाकडे (तेव्हाच्या ग्राहक मंचाकडे) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे सकारण आदेश त्याचा भक्कम पुरावा ठरेल.

सुनावणीचे सोपस्कार वाढवले तर बोगस बियाणे विकणाऱ्यांना पळवाट मिळेल, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही, पण त्यावर उपाय कायद्यातच आहे. बियाणे अधिनियम, 1966 च्या कलम 14 नुसार निरीक्षक संशयित साठ्याची विक्री 30 दिवसांपर्यंत थांबवू शकतो. लॉट तत्काळ थांबवा. परवान्याचा निर्णय त्याच 30 दिवसांत, शेतकऱ्यालाही बोलावून घ्या. त्यासाठी हंगामात उगवण चाचणीच्या नमुन्यांना प्रयोगशाळेत अग्रक्रम द्यावा लागेल. मनुष्यबळ अपुरे आहे ही अडचण खरीच; म्हणूनच सुनावणीचा वार तालुकावार ठरवून द्यावा, म्हणजे परंड्याच्या माणसाला जिल्ह्याला खेटे घालावे लागणार नाहीत. आणि रब्बीचा हरभरा दुकानात येण्याआधी खरिपातल्या प्रत्येक प्रकरणाचा आदेश, लॉट क्रमांक आणि कारणांसह, तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लागलेला असावा.