ऐकण्याची सवय

मुलाचे मराठी सुधारण्यासाठी कोणती शिकवणी लावावी, ही विचारणा दर जूनमध्ये आमच्याकडे येते. मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा दूधनाका, कुठलीही वस्ती घ्या, प्रश्न तोच. मुलगा उर्दू माध्यमात शिकतो, मराठीच्या पेपरात बरे गुण आणतो; पण बँकेत किंवा तहसील कार्यालयात दोन वाक्ये बोलायची वेळ आली की गप्प उभा राहतो. उलट तक्रारही असते. मुलगी मराठी शाळेत जाते, वक्तृत्वात बक्षीस आणते; मात्र दादीचे उर्दू तिला अर्धेच कळते, आणि दादी हळूहळू तिच्याशी बोलणेच कमी करते.

दोन्ही घरांना आम्ही एकच उपाय सांगतो आणि त्याला फी लागत नाही. रोज अर्धा तास आकाशवाणी ऐका.

पालकांना हे ऐकून हसू येते. मोबाइलच्या काळात रेडिओ? पण बी.एड.च्या पहिल्या वर्षात शिकवलेला क्रम आठवा: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. ऐकणे सर्वांत आधी येते. आपल्या वर्गांत मात्र बहुतेक वेळ शेवटच्या दोघांवर जातो. मूल 'बाळ' बरोबर लिहिते आणि 'बाल' म्हणते. 'पाणी' लिहिते आणि 'पानी' म्हणते. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च लिहिताना एकच असतो. त्यांतला फरक कुठल्याही वहीत सापडत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. उर्दूचे दुखणे निराळे. तिथे 'कलम'चा काफ आणि 'किताब'चा काफ यांना अक्षरे वेगळी आहेत. पण घरात कुणी नीट उच्चारणारे नसेल तर मूल दोन्ही सारखेच म्हणते. ज्याने चांगली भाषा ऐकलीच नाही, त्याने ती बोलावी कुठून?

आता आकाशवाणीचा दिवस कसा असतो ते पाहा. सुरुवातीची ती ओळखीची धून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. ते युरोपातून जीव वाचवून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार होते आणि मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत. धूनेमागून मंगलध्वनी म्हणून बऱ्याचदा उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई येते. मग भक्तिगीते. वर्षानुवर्षे सकाळी ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या आणि ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून मराठी प्रादेशिक बातम्या, असा महाराष्ट्राचा परिपाठ राहिला. सुधा नरवणे यांचा आवाज ऐकून घड्याळ लावणारी घरे आमच्या पिढीने पाहिली आहेत.

त्यापुढे दिवसभरात काय नसते? शेतकऱ्यांसाठी हवामान आणि पिकांचा सल्ला, बायकांसाठी 'वनिता मंडळ', गिरण्या-कारखान्यांतल्या माणसांसाठी 'कामगार सभा', मुलांसाठी 'गंमत जंमत', तरुणांसाठी 'युववाणी', डॉक्टरांच्या मुलाखती, श्रुतिका, कीर्तन, लोकगीते. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ही 'प्रपंच' मालिकेतली माणसे एके काळी मराठी घरांत नात्यातल्यासारखी वावरत. बाळ ज. पंडित यांनी मराठीत क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा चेंडू कुठे गेला हे न बघताही दिसत असे. शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभा, आणि दिल्लीच्या उर्दू सर्व्हिसवर मुशायरे, अफसाने, श्रोत्यांची पत्रे. एवढी सगळी माणसे एका दिवसात एकाच उंबऱ्यातून येऊन जातात. त्यांतली निम्मी आपण बोलावलेली नसतात, आणि त्यांच्याकडूनच जास्त शिकायला मिळते.

मोबाइलचा कारभार याच्या नेमका उलटा. काल जे पाहिले तेच तो आज पुन्हा समोर ठेवतो. बयान ऐकणाऱ्याला बयान, रेसिपी पाहणाऱ्याला रेसिपी, भांडण पाहणाऱ्याला भांडण. डोंबिवलीतल्या घरात मुंब्र्याचा आवाज पोहोचत नाही आणि मुंब्र्यातल्या घरात विदर्भातल्या कापूसवाल्याचा. एकाच लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून जाणारी माणसे कानांत बोंडे घालून वेगवेगळ्या मुलुखांत राहतात. शेजाऱ्याविषयी जे काही कळते ते दुसऱ्याच कुणीतरी रागाने सांगितलेले असते.

काही वाचक विचारतील, या रेडिओशी आपला संबंध काय? संबंध जुना आहे. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे 'ऑल इंडिया रेडिओ'चे महासंचालकपद अहमद शाह बुखारी, म्हणजे उर्दूचे विनोदी लेखक 'पतरस', यांनी सांभाळले. त्यांचे धाकटे भाऊ झुल्फिकार अली बुखारी मुंबई केंद्राचे संचालक होते. सआदत हसन मंटो यांनी दिल्ली केंद्रात नोकरी करताना शंभराच्या आसपास नाटुकली लिहिली. आणि अमीन सयानी तर मुंबईचेच. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची 'गीतमाला' सुरू झाली आणि २०२४ मध्ये ते गेले तेव्हा सगळा देश हळहळला. पण त्यांच्या भाषेची खरी शाळा घरात होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेसाठी 'रहबर' नावाचे पत्र काढत. सोपी हिंदुस्थानी भाषा आणि उर्दू, देवनागरी, गुजराती अशा तीन लिप्या. अमीन त्या कामात आईला मदत करत. सगळ्यांना कळेल असे बोलणे त्यांनी तिथे कमावले. आपल्या भगिनींनी ही गोष्ट मुलींना जरूर सांगावी.

बातमीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. खबर आली की आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल, ही शिकवण सूरह अल-हुजुरातमध्ये आहे. आपण ती जुम्याच्या खुतब्यात ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता कुणाचा तरी व्हॉइस मेसेज पुढे पाठवतो. रेडिओच्या बातमीत वाचणारा आपले नाव सांगतो, वेळ ठरलेली असते, मजकूर लिहिलेला असतो. चूक झाली तर कुणाला जाब विचारायचा हे माहीत असते. मेसेजला मायबाप नसतो.

ईदच्या चंद्राचे उदाहरण घ्या. रेडिओ आला तेव्हा उलेमांमध्ये मोठी चर्चा झाली. रेडिओवरची खबर ही साक्ष ठरत नाही, पण जबाबदार कमिटीने साक्षी तपासून दिलेला निर्णय रेडिओने कळवला तर तो एलान म्हणून घेता येतो, असे अनेकांनी सांगितले. म्हणजे यंत्र वाईट नाही आणि पवित्रही नाही. खबर मुळात कुणी दिली आणि कशी तपासली, हे महत्त्वाचे. हाच नियम बाराही महिने लावला तर मोहल्ल्यातले कितीतरी तंटे उभेच राहणार नाहीत.

आकाशवाणी सरकारी आहे, हेही लक्षात असू द्या. सरकारची अडचण करणाऱ्या बातम्या तिथे कमी येतात. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, त्यामुळे रेडिओवर बातमीला दुसरा आवाज नाही. म्हणून बातमीपत्राबरोबर एक मराठी आणि एक उर्दू वर्तमानपत्र घरात असावे. एकाच विहिरीच्या पाण्यावर राहू नये. तरी अडचणीच्या वेळी या यंत्राची किंमत कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कल्याण-बदलापूर पाण्यात गेले, वीज गेली, फोन बंद पडले. तेव्हा ज्यांच्याकडे सेलवरचा ट्रान्झिस्टर होता त्यांच्याभोवती जिन्यावर शेजारी गोळा झाले होते. कुणाचा मजहब कुणी विचारला नाही.

आता करायचे काय? 'न्यूज ऑन एअर' हे अॅप मोबाइलवर मोफत मिळते. त्यात मराठी केंद्रेही आहेत आणि उर्दूही. सकाळी नाश्त्याच्या वेळी मराठी बातम्या लावा, स्क्रीन उलटी ठेवा. रात्री जेवणानंतर मुलांना तीन प्रश्न विचारा: काय ऐकले, कुणी सांगितले, कोणता शब्द नवा वाटला? आठवड्यातून दोन दिवस उर्दू ऐका आणि अर्थ दादीला विचारा. तिचे मोल तिला आणि मुलांना दोघांनाही कळेल. आमच्या आठवीच्या वर्गात हा प्रयोग चालू आहे. पहिल्या आठवड्यात मुले पाच मिनिटांतच चुळबुळ करू लागली. दिवाळीपर्यंत दहा मिनिटांचे भाषण ऐकून त्यातले चार मुद्दे सांगू लागली.

मुले मोठी झाली की त्यांना नुसते श्रोते ठेवू नका. आकाशवाणी केंद्रांवर निवेदकांसाठी आवाज-चाचण्या होतात, युववाणीला नवी मुले लागतात. शुद्ध मराठी आणि साफ उर्दू बोलणारी आपली मुलगी उद्या तिथे माइकसमोर बसली, तर ऐकणाऱ्या शेजाऱ्यांच्या मनातली कितीतरी कोडी आपोआप सुटतील. इन्शाअल्लाह, तो दिवसही येईल. तोवर कान तयार करायचे काम आपल्या घरात सुरू करू या.