अंतर फोनने मिटेल, संकोच कोण मिटवणार?

अकोले तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. हाड मोडले, तर घरचे लोक ही खटपट निमूटपणे करतात; पण ‘झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही’ असे म्हणणाऱ्यासाठी गाडी कोण काढणार? क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात मनाच्या आजाराचा पहिला अडसर अंतराचा आहे.

तो अडसर दूर करण्याचा एक स्तुत्य प्रयत्न १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसा वा रात्री केव्हाही फिरवता येतो. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. प्रशिक्षित समुपदेशक आधी ऐकून घेतो, गरज भासल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’कडे या योजनेचे मार्गदर्शन आहे. २०२४ मध्ये तिचे अ‍ॅपही आले.

परंतु यंत्र अंतर मिटवते, संकोच नव्हे. ज्या घरात एकच फोन आणि तोही ओसरीवर, तिथे सून कोणासमोर बोलणार? कर्जाने खचलेला शेतकरी ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने गप्पच राहणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची भूमिका घेतली. कायद्याची दृष्टी बदलली. आपली बदलली का?

ती न बदलल्याची किंमत पाहायची असेल, तर नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी उभारलेल्या ‘माउली’ प्रकल्पात जावे. मनोरुग्ण म्हणून रस्त्यावर आलेल्या निराधार स्त्रियांना तिथे घर मिळाले आहे. त्यांचे दुखणे वेळीच कोणी ऐकले असते, तर कदाचित त्यांतल्या काहींवर ही वेळ आली नसती.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा क्रमांक घरोघरी जरूर पोहोचवावा. पण त्याआधी प्रत्येक कुटुंबाने एक साधी गोष्ट करावी. घरातले कोणी फोन घेऊन खोलीचे दार लोटून बसले, तर ‘कोणाशी बोलत होतास?’ असे दरडावून विचारू नये. बोलणे संपल्यावर जवळ बसावे. फोनवरचा धीर तासाभराचा असतो. पुढचे दिवस घरालाच निभवायचे असतात.