थर्माकोलच्या खोक्यातलं विज्ञान



मागे जवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीनं माती कोरडी पडली की भोंगा वाजवणारं यंत्र केलं होतं. सर्किट उत्तम, पण खोकं थर्माकोलचं. मी उचललं, तळ निसटला, तार तुटली. पोरगी रडवेली झाली. चूक तिची नव्हे, आम्हा शिक्षकांची. थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरं राज्यात २०१८ साली बंद झाली, पण शाळेच्या प्रकल्पांतून थर्माकोल काही हलत नाही! खोकं म्हणजे वरची सजावट, हे आपणच शिकवलं. माझं म्हणणं, खोकं हा यंत्राचाच भाग आहे.

उपाय सर्किटच्या पाटीतच आहे. काचतंतू आणि इपॉक्सीची १.६ मिलिमीटर जाडीची पाटी, एका बाजूला तांब्याचा पातळ थर. तिचे उरलेले तुकडे कापायचे, तांबं आतल्या बाजूला ठेवून गुण्याला लावायचे, कोपऱ्यांत आधी डाखाचे ठिपके द्यायचे. काटकोन तपासून मग सगळी कड भरायची. कोपऱ्यात नट डाखला की झाकण स्क्रूनं बसतं. तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून २५ वॅटची इस्त्री पुरत नाही, ६० ची घ्या. कापताना नाकाला फडकं नको, चांगला मास्क हवा. काचेची धूळ वाईट.

कोणी म्हणेल, प्लास्टिकचा डबा स्वस्त मिळतो. घ्या की! २३० व्होल्टच्या कामाला तोच बरा, आणि आत वायफाय असेल तरीही, कारण तांबं लहरी अडवतं. पण विकतच्या डब्यात सर्किट कोंबावं लागतं. इथे सर्किटच्या मापानं घर बांधता येतं. सांधा पक्का कसा करायचा, हे पोरांच्या हाताला कळतं.

आमच्या कडेगावचे मोहरमचे गगनचुंबी ताबूत बघा. हिंदू-मुसलमान मिळून बांबू बांधतात. वरचा झगमगाट सगळे पाहतात, पण उभा राहतो तो ताबूत गाठींवर.

त्या मुलीला वडिलांसह घरी बोलावून नवं खोकं करवून घेतलं. मुद्दाम टेबलावरून खाली पाडलं. मग दोन्ही टोकं कुंडीतल्या कोरड्या मातीत खुपसली. भोंगा वाजला.

असो. तुमच्या घरच्या पोरांचा प्रकल्प एकदा उचलून बघा.