नुसतं 'छान' म्हणणारे मित्र

गेल्या रविवारी मी एक साधा प्रश्न विचारला आणि आमच्या कट्ट्यावरचा चहा गार झाला. त्या प्रश्नाबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आमची हौशी फोटोवाल्यांची सात-आठ जणांची टोळी आहे. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी दुकानदार, दोघे तरुण इंजिनिअर. रविवारी सकाळी जमायचं, आठवड्याचे फोटो एकमेकांना दाखवायचे, लेन्सच्या किमती ऐकून हळहळायचं. निरुपद्रवी मंडळी, निदान मी तसं समजत होतो.

तर त्या दिवशी एका तरुण मित्राने तिबोटी खंड्याचा फोटो दाखवला. पाऊस सुरू झाला की कोकणात ओढ्याकाठच्या दरडीत बीळ करून अंडी घालणारा हा चिमणीएवढा पक्षी. निळी-जांभळी झाक, पिवळं पोट, लाल चोच, आणि त्या चोचीत एक पाल. मागे बिळाचं तोंड. "क्या बात है!", "अप्रतिम!", "शटर स्पीड किती ठेवलात?" सगळीकडून वाहवा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बिळाशेजारच्या दोन फांद्यांची टोकं पांढरी होती, ताज्या कापाची. आणि पक्षी ज्या काठीवर बसला होता ती कुठल्या झाडाची नव्हती, चिखलात रोवलेली होती.

मी विचारलं, "बाळ, या फांद्या कोणी छाटल्या?"

"सर, ते तिथल्या माणसाने आधीच करून ठेवलं होतं. आम्ही फक्त बसलो." किती जण बसलात? तर चौदा. किती वेळ? सकाळभर. मग कोणीतरी घाईघाईने ट्रायपॉडचा विषय काढला.

मंडळी, इथेच माझं डोकं सटकलं. बिळासमोरचा पाला ही काही पक्ष्याने हौसेने केलेली सजावट नव्हे. तो आडोसा आहे. तो गेला की साप, मुंगूस, कावळा यांना वाट मोकळी. समोर चौदा माणसं बसली की आई-बाप चोचीत भक्ष्य धरून दूर फांदीवर ताटकळतात, आणि आत पिल्लं उपाशी. आपल्याला फोटोत 'भक्ष्य घेऊन डौलात बसलेला पक्षी' दिसतो ना, तो अनेकदा डौलात बसलेला नसतोच. तो घरात शिरायला घाबरलेला असतो!

"आपण काही शिकारी नाही हो सर," एक जण म्हणाला. कायदा वेगळं म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. बंदूक लागत नाही.

मी फार सोवळा आहे असं कृपया समजू नका. पूर्वी माझ्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक खटक्याआधी दहादा विचार. तरीही अंगणातल्या जास्वंदीवर बुलबुलाचं घरटं दिसलं तेव्हा उजेड यावा म्हणून मी मधली फांदी सुतळीने बाजूला बांधली, चार फोटो काढले आणि शाळेची वेळ झाली म्हणून तसाच निघून गेलो. संध्याकाळी घरटं रिकामं होतं. कावळ्याने काम केलं, पण त्याला दार मी उघडून दिलं. फोटो धुऊन आले, मी मित्रांना दाखवले. सगळे म्हणाले, "छान!" एकानेही विचारलं नाही की इतका उजेड आला कुठून. विचारलं असतं तर तेव्हाच शरम वाटली असती. ती फार उशिरा वाटली.

माझं भांडण आहे ते या 'छान'शी. वर्गात वही न वाचता 'छान' असा शेरा मारणारा मास्तर मुलाचं भलं करत नाही, स्वतःचा वेळ वाचवतो. कट्ट्यावरचं 'अप्रतिम' त्यातलंच. आज मी तुझी वाहवा करतो, पुढच्या रविवारी तू माझी कर! याला आपण मैत्री म्हणतो. आणि त्या दरडीपाशी चौदा माणसं जातात ती पक्ष्यासाठी जात नाहीत हो, या वाहवेसाठी जातात.

"पण फोटोमुळे लोकांना निसर्गाची गोडी लागते," हे एक ठेवणीतलं उत्तर. लागते, मान्य. पण गोडी लावायला घरटंच कशाला हवं? ओढ्यावर भिजत बसलेला खंड्या पुरत नाही का? कित्येक छायाचित्र-स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. परीक्षकांना जे कळलं ते आपल्याला मित्र म्हणून कळू नये?

तो तरुण मित्र चार दिवस रागावला होता. काल त्याचा फोन आला. माफी वगैरे काही नाही, एवढंच विचारलं, "सर, ती काठी रोवलेली आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, रविवारी फोटो घेऊन ये, दाखवतो.