शेतकऱ्यासही शिकवावयास शिकविलें पाहिजे

नव्या पेठेंतील दुकानांच्या रांगांतून रोज शाळेस येणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस कापडाचा पोत बोटांनीं ओळखतां येतो. परंतु शेतांतलें कणीस घरच्या भाकरीपर्यंत कसें पोंचलें, हें विचारतांच ते गप्प होतात. यांत मुलांचा दोष नाहीं. ज्या जिल्ह्यांत मंगळवेढ्याची ज्वारी पिकते, ज्यांतील मोहोळच्या संशोधन केंद्रांत मालदांडी ३५-१ हें वाण निवडलें गेलें, जेथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, तेथील मुलांनीं शेत पाहावें तें केवळ हुरड्याच्या दिवशीं, हें आम्हांस खटकतें.

हुरड्यास आमचा विरोध आहे असें कोणीं समजूं नये. आगटींत भाजलेलें कणीस आणि शेंगांची चटणी यांस नांवें ठेवणारा सोलापूरकर आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाहीं. पण ज्या ज्वारीचा हुरडा मुलांनीं आवडीनें खाल्ला, तिचेंच कोवळें पीक जनावराच्या पोटांत गेलें तर किराळ लागून तें दगावूं शकतें, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेलें पीक काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर कसें तग धरतें, कोळपणीनें भेगा बुजवून ती ओल कशी राखतात, या गोष्टी पुस्तकांत वाचण्याच्या नव्हेत. बांधावर उभें राहून पाहण्याच्या आहेत.

शेतकऱ्यास हें सारें ठाऊक असतें. मग तो सांगत कां नाहीं? "ह्यांत काय सांगायचं?" असें त्यास वाटतें म्हणून. नित्याचें काम दुसऱ्यापुढें ज्ञान म्हणून मांडणें ही निराळी विद्या आहे, आणि ती शिकावी लागते. मुलास आधीं प्रश्न घालावा, मग मातीचें ढेकूळ हातीं द्यावें, व बोलणें दहा मिनिटांत आटोपावें. एवढें जरी साधलें तरी पुष्कळ झालें. (आम्हां शिक्षकांसही तें नेहमीं साधतेंच असें नाहीं.)

परंतु आमचा आग्रह याहून गंभीर कारणासाठीं आहे. शेत हें क्रीडांगण नव्हे. कठडा नसलेली विहीर सर्वांस दिसते. पण शेततळ्यांतील प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो कीं, आंत पडलेल्या मुलास पोहतां येत असलें तरी काठ चढवत नाहीं, हें शहरांतील पालकांच्या ध्यानींमनींही नसतें. तेथें दोर व कुंपण हवें. कडबाकुट्टीचें यंत्र मुलें असेपर्यंत बंद हवें. फवारणीची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मरण पावले. तीं तर जाणतीं, कामाची संवय असलेलीं माणसें होतीं. आमच्याकडील डाळिंबाच्या बागांत औषध वरचेवर मारावें लागतें. शेवटची फवारणी कधीं झाली, हें विचारल्यावांचून मुलांस बागेंत सोडणें म्हणजे निष्काळजीपणाची परमावधि होय.

गाईवासरांस कुरवाळण्यांत कोणास धोका दिसणार? तथापि इंग्लंडांत सरे परगण्यांतील एका शेतावर २००९ सालीं जनावरांजवळ गेलेल्या पाहुण्यांत आंतड्याचा रोग पसरला. ९३ जण आजारी पडले, आणि त्यांत बहुतेक लहान मुलें होतीं. साबण व वाहतें पाणी, आणि हात धुतल्यावांचून खाणें नाहीं, हा नियम हुरड्याच्या दिवशीं तर दुप्पट कडक हवा. त्या देशांत शाळांच्या भेटी कशा घ्याव्या याचें शिक्षण शेतकऱ्यांस देऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. आपल्या सरकारनेंही २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें. कृषि विज्ञान केंद्रें तर शेतकऱ्यांस शिकविण्यासाठींच आहेत. तेथें दोन दिवसांचा असा एक वर्ग भरविण्यास कोणती मोठी अडचण आहे? त्यांत एक दिवस शिक्षकांनींही बसावें.

कोणी म्हणतील कीं, शेतकऱ्यास आधींच कामें थोडीं आहेत काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याचा तो दिवस फुकट मागूं नये. करमणुकीच्या बागेंत दिवसभराचें तिकीट काढतांना आम्ही पालक कुरकुरत नाहीं. मग जो आपलें काम सोडून आमच्या मुलांस शिकवितो, त्यास मानधन देतांनाच हात आंखडावा कां? शिवाय तीन मोटारी भरून दोनशें मुलें एकदम नेण्याची हौस सोडावी. पंचवीस मुलांहून अधिक मुलें एका शेतकऱ्याच्या आवाजाच्या टप्प्यांत राहत नाहींत, असें आमचें मत आहे.

आमच्या वर्गांत आसपासच्या खेड्यांतून एस्. टी.नें येणारीं मुलेंही आहेत. वडील काय करतात असें विचारलें म्हणजे त्यांपैकीं कांहीं जण "शेती" हा शब्द खालच्या आवाजांत उच्चारतात. येत्या हिंवाळ्यांत अशा दोन-तीन वडिलांस प्रथम बोलवावें, त्यांच्याबरोबर बसून वर्गाची रूपरेषा ठरवावी, आणि मुलांस नेण्याच्या आठवडाभर आधीं शिक्षकांनीं त्यांच्या शेतावर जाऊन विहीर, शेततळें, औषधांची खोली व हात धुण्याची जागा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून यावी.